डॅनियल ॲडमसनच्या वाटेने : शिल्डन ते बार्टन

साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये ज्यांची हयात गेली, त्यांना ॲडमसन हे नाव ओळखीचं असतं. माणसाचं म्हणून नव्हे, सांध्याचं म्हणून. आमच्या परीक्षेत तोंडी प्रश्न ठरलेला असायचा: लँकेशायर बॉयलरच्या भट्टीच्या नळीला ॲडमसन जॉइंट का देतात? उत्तर आम्ही घडाघडा म्हणायचो. हा ॲडमसन कोण, कुठला, पुढे त्याचं काय झालं, ते ना परीक्षकांनी विचारलं, ना आम्ही. निवृत्तीनंतर मुलाकडे मँचेस्टरला गेलो तेव्हा समजलं, की या माणसाचा बॉयलरचा कारखाना याच शहराच्या पूर्वेला होता, त्याचं घर मुलाच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि मँचेस्टरपर्यंत समुद्रातली जहाजं आणणाऱ्या कालव्यामागेही तोच होता. मग त्याच्या जन्मगावापासून सुरुवात करून एकेक जागा पाहायचं ठरवलं. सोबत ही होतीच. शनिवारपासून मुलगा, सून आणि नात आमच्याबरोबर आले.

गुरुवार : शिल्डन

मँचेस्टरहून आदल्या दिवशीच ईशान्य इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनला येऊन मुक्काम केला होता. सकाळी दोन डब्यांची छोटी गाडी पकडली. या लोहमार्गाचा काही भाग थेट १८२५ सालच्या स्टॉकटन अँड डार्लिंग्टन रेल्वेचा आहे. २७ सप्टेंबर १८२५ या दिवशी शिल्डनहून वाफेच्या इंजिनानं माणसांनी आणि कोळशानं भरलेल्या वाघिणी ओढत नेल्या, तो हाच परिसर. खिडकीबाहेर मेंढ्या, दगडी कुंपणं आणि खाणींवर पुन्हा उगवलेलं गवत. त्यातून आपण अशा ऐतिहासिक मार्गावर चाललो आहोत, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

शिल्डन स्टेशनला उतरलं की 'लोकोमोशन' हे रेल्वे संग्रहालय अगदी लगत आहे. ऑगस्ट महिना असूनही वारा असा होता, की हिनं शालीवर स्वेटर चढवला. आत पहिल्याच दालनात मला जे पाहायचं होतं ते उभं होतं: या रेल्वेची इंजिनं सांभाळणाऱ्या टिमोथी हॅकवर्थनं बांधलेलं 'सॉन्स परेल' इंजिन, १८२९ सालचं, अस्सल. रेनहिलच्या इंजिनांच्या प्रसिद्ध स्पर्धेत ते स्टीफन्सनच्या 'रॉकेट'समोर उतरलं होतं. सिलिंडरला तडा जाऊन ते बाद झालं, पण त्यानंतर रेल्वेवर आणि मग एका खाणीवर त्यानं १८६३ सालापर्यंत काम केलं. मी इंजिनापेक्षा त्याच्या बॉयलरकडेच पाहत राहिलो. भट्टीची नळी आत जाऊन मागच्या टोकाला वळते आणि पुन्हा पुढे येते, त्यामुळे भट्टीचं तोंड आणि धुराडं एकाच बाजूला आहे. ज्वाळेनं पाण्यातून दोनदा प्रवास करावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. कोळशातली जास्तीत जास्त उष्णता पाण्याला कशी द्यायची, हा प्रश्न त्या काळी नवा होता आणि गळीत हंगामात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, भट्टीसमोर उभं राहून आम्हीही तोच प्रश्न सोडवायचो.

याच हॅकवर्थच्या हाताखाली डॅनियल ॲडमसन शिकला. त्याचा जन्म शिल्डनचाच, १८२० सालचा. पंधरा भावंडांतला तेरावा. वडील खानावळ-पब चालवायचे आणि जोडीला रेल्वेच्या रुळांवरून घोड्यांनी ओढलेला प्रवासी डबा. सुरुवातीची काही वर्षं त्या रेल्वेवर कोळसा इंजिनानं जायचा आणि माणसं बहुतेक घोड्यांनी, तीही अशा खाजगी डबेवाल्यांच्या भरवशावर. त्या डब्यासाठी बांधलेली दगडी इमारत गावात आजही आहे. लहानशी, मजबूत, फारसं कुणी न थांबणारी. पोरवयात इंजिनांचा धूर, घोड्यांचा घाम आणि प्रवाशांचे पैसे हे सगळं एकाच अंगणात पाहिलेला मुलगा पुढे कारखानदार झाला, याचं मला तिथे उभं राहिल्यावर मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

संग्रहालयात एक स्वयंसेवक भेटले. सत्तरीचे असावेत. तरुणपणी शिल्डनच्या वाघिणींच्या कारखान्यात रिव्हेटिंग करायचे, म्हणजे तापवलेल्या खिळ्यांनी पत्रे जोडायचे. १९८४ साली तो कारखाना बंद पडला आणि गावाचा कणाच गेला, असं ते म्हणाले. मी बॉयलरवाला आहे कळल्यावर त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. तापवून लाल केलेला रिव्हेट चिमट्यानं कसा फेकायचा, पलीकडच्यानं तो बादलीत कसा झेलायचा, हे त्यांनी हातवारे करून दाखवलं. हॅकवर्थबद्दल त्यांना मनापासून अभिमान आहे. "सगळे स्टीफन्सनचं नाव घेतात. इंजिनं रोज चालती कुणी ठेवली? आमच्या टिमोथीनं," असं त्यांनी दोनदा सांगितलं.

दुपारी गावातल्या बेकरीत स्टॉटी नावाचा जाड, चपटा पाव खाल्ला. त्यात पीज पुडिंग घालून मागितलं. वाटाण्याच्या डाळीचं हे सारण चवीला थेट आपल्या थंड झालेल्या पिठल्याच्या जवळ जातं. एरवी त्यासोबत हॅम देतात, शाकाहारी असाल तर आधीच सांगा.

जाणाऱ्यांसाठी: संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही. मात्र ते आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, तेव्हा वार पाहून जा. मैदानातल्या इमारती लांब लांब आहेत, चालायची तयारी हवी आणि वाऱ्याचा कोट उन्हाळ्यातही हवा.

शुक्रवार : बर्नली, क्वीन स्ट्रीट मिल

मँचेस्टर व्हिक्टोरियाहून बर्नलीला साधारण तासाभरात गाडी जाते. पुढे हार्ल साइक या टेकडीवरच्या वस्तीत टॅक्सीनं गेलो. पाऊस आडवा येत होता. समोर दगडी गिरणी, तिची उंच चिमणी आणि चिमणीतून धूर. खरा, कोळशाचा धूर.

क्वीन स्ट्रीट मिल १८९०च्या दशकातली. इथे वाफेच्या इंजिनावर माग अजून चालतात. बॉयलर हाउसमध्ये शिरताच गरम लोखंड, ओला कोळसा आणि तेल यांचा तो वास आला आणि मी दाराशीच थांबलो. दोन लँकेशायर बॉयलर शेजारी शेजारी, एक १८९५चा, दुसरा १९०१चा. दोन्ही मँचेस्टरजवळच्या हाइड गावात बनलेले. हाइड म्हणजे ॲडमसनचाच पट्टा. त्याच्या कारखान्याभोवती बॉयलर बनवणाऱ्यांची सगळी वस्तीच तयार झाली होती.

एक बॉयलर पेटलेला होता, दुसरा थंड. थंड बॉयलरच्या भट्टीचं दार उघडं होतं. तिथल्या फायरमननं, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्यानं, माझ्या हातात बॅटरी दिली आणि मी वाकून आत पाहिलं. लांबच लांब गुळगुळीत नळी, आणि ठरावीक अंतरावर गोल फिरलेली एकेक बारीक रेघ. रिव्हेटचं एकही डोकं आत दिसत नाही. हाच ॲडमसन जॉइंट.

ज्यांनी बॉयलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लँकेशायर बॉयलर म्हणजे आडवं ठेवलेलं प्रचंड पिंप, सुमारे तीस फूट लांब. त्याच्या पोटातून दोन नळ्या आरपार जातात. विस्तव नळ्यांच्या आत, पाणी आणि वाफ बाहेर. मँचेस्टरच्या विल्यम फेअरबेर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांनी १८४४ साली या रचनेचं पेटंट घेतलं. पिंपावर वाफेचा दाब आतून बाहेर पडतो, त्यामुळे ते फार तर ताणलं जातं. नळीवर दाब बाहेरून आत. जराही आकार बिघडला की ती चेपते, फाटते आणि उकळतं पाणी, वाफ, विस्तव एकदम बाहेर येतात. गिरण्यांच्या गावांमध्ये त्या काळी असे स्फोट होत आणि माणसं मरत. फेअरबेर्ननंच पुढे प्रयोगांनी दाखवून दिलं, की नळी जितकी लांब तितकी ती चेपायला सोपी.

त्यात भर म्हणजे नळीचे तुकडे एकमेकांवर चढवून रिव्हेट मारायचे. मग विस्तवाच्या तोंडी पत्रा दुहेरी व्हायचा. दुहेरी पत्रा पाण्याला उष्णता नीट देत नाही, तो जळतो आणि रिव्हेटची डोकीही जळून जातात. ॲडमसननं १८५२ साली काय केलं? नळीच्या प्रत्येक तुकड्याची कड बाहेर, म्हणजे पाण्याकडे वळवली. दोन वळवलेल्या कडा समोरासमोर आणल्या, मध्ये एक पातळ कडं ठेवलं आणि रिव्हेट तिथे पाण्यात मारले. विस्तवाला दिसतो तो एकेरी पत्रा. रिव्हेट आगीपासून लांब. वळवलेली कड नळीला आधाराच्या कड्यासारखी आवळून धरते, म्हणजे लांब नळी जणू अनेक आखूड नळ्यांची होते. आणि नळी तापून लांबली तर त्या कडा किंचित हलून ते सोसतात. एका सांध्यात इतक्या अडचणींची उत्तरं.

मी फायरमनला म्हटलं, आमच्याकडे हंगाम सुरू करताना बॉयलर अग्निप्रदीपन करतात. पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटतात. त्याला ते फार आवडलं. तो म्हणाला, सकाळी पहिली काडी लावताना आपणही दोन क्षण गप्प उभे राहतो. थंड बॉयलर घाईनं तापवला तर सांधे रडतात, हे त्याचं वाक्य आमच्या जुन्या हेड फायरमनच्या तोंडचं वाटावं असं होतं. बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासमधल्या पाण्याकडे दर मिनिटाला जाणारी त्याची नजरही तशीच.

इंजिनाचं नाव 'पीस', १८९५ सालचं, पाचशे अश्वशक्तीचं. एवढा मोठा चाकाचा घेर, पण फिरताना आवाज किती कमी! आवाज आहे तो पुढे, मागांच्या दालनात. तिथे शेकडो माग रांगेत उभे आहेत. त्यातले मोजकेच सुरू केले तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. दाखवणाऱ्या बाईंनी 'मी-मॉ' ही पद्धत करून दाखवली. गिरणीतल्या बायका ओठ मोठे हलवून, हातवारे करून आवाजाविना गप्पा मारायच्या.

माझी बायको लालबागची. तिचे वडील साचेखात्यात होते. मागांच्या त्या आवाजात ती कडेला जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ हलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा घरी इतक्या मोठ्यानं का बोलायचे, ते आज समजलं." १९८२च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. मुंबईची पहिली सूतगिरणी १८५४ साली स्थापन झाली. त्यानंतर लँकेशायरमधूनच यंत्रं येत राहिली, बॉयलरही. त्यामुळे हे दालन आम्हा दोघांनाही परकं नव्हतं. तिला मागांच्या बाजूनं, मला भट्टीच्या बाजूनं.

गिरणीच्या उपाहारगृहात चीज-कांद्याचा पाय आणि चहा घेतला. गरम, भरपूर मिरी घातलेला, पावसात अगदी हवा तसा.

जाणाऱ्यांसाठी: गिरणी वर्षभर उघडी नसते आणि वाफेवर इंजिन चालण्याचे दिवस त्याहून थोडे. तारीख पाहूनच निघा, कारण बंद इंजिन पाहण्यात आणि चालतं पाहण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लहान मुलांसाठी कानात घालायला काहीतरी न्या.

शनिवार : 'डॅनी'वर

ॲडमसनच्या नावाची एक बोट आहे आणि ती अजून कोळशावर चालते, हे मुलानं शोधून काढलं होतं. 'डॅनियल ॲडमसन', लाडानं 'डॅनी'. १९०३ साली मर्सी नदीकाठी बांधली तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. ओढबोट आणि प्रवासी बोट अशी दोन्ही कामं ती करायची. पुढे मँचेस्टर शिप कॅनॉल कंपनीनं ती घेतली आणि १९३६ साली नवी सजावट करून तिला कंपनीच्या संस्थापक-अध्यक्षाचं नाव दिलं. १९८४ साली ती निवृत्त झाली, गंजत पडली आणि २००४ साली भंगारात निघाली. त्या वेळी काही लोकांनी मिळून एका पौंडाला ती विकत घेतली. दुरुस्तीला बारा वर्षं लागली. २०१६पासून ती पुन्हा पाण्यावर आहे.

वीव्हर नदीवर ॲक्टन ब्रिजपाशी चढलो. ऊन पडलं होतं, दोन्ही काठांना विलो आणि गायी. वरच्या मजल्यावर १९३६ची दालनं: लाकडात लाकूड बसवून केलेली नक्षी, गोल कोपरे, पितळेचे दिवे. कालव्याचे संचालक पाहुण्यांना इथे बसवून कालवा दाखवत. नात तिथेच रमली. मी खाली उतरलो.

बॉयलरच्या समोर दोघे जण फावड्यानं कोळसा टाकत होते. त्यातला एक विद्यार्थी, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा, सुटीत येऊन हे काम शिकणारा. दुसरे आयुष्यभर व्यापारी जहाजांवर राहिलेले. मुलगा कोळसा दारातून मध्यभागी ढीग करून टाकत होता. ज्येष्ठानं त्याला थांबवलं, फावडं घेतलं आणि मनगटाला एक झटका देऊन कोळसा सगळ्या भट्टीभर पसरवून दाखवला. पातळ आणि सारखा. मुलानं पुन्हा टाकला, या वेळी बरा. मलाही फावडं दिलं. हाताला सवय होती. तीनेक फावडी बरोबर पडली तेव्हा ज्येष्ठांनी मान डोलावली आणि मला कामगारांसाठी ठेवलेला कपभर चहा मिळाला. संपूर्ण प्रवासात इतका आनंद दुसऱ्या कशानं झाला नाही.

सॉल्टर्सफर्डच्या लॉकमधून, म्हणजे पाणी भरून बोट वर उचलणाऱ्या दारांच्या हौदातून, बोट वर चढली आणि अँडरटनला पोहोचली. तिथे नदीकाठी लोखंडाचा अवाढव्य सांगाडा उभा आहे: अँडरटन बोट लिफ्ट, १८७५ची. खालच्या नदीतल्या बोटी पन्नास फूट उचलून वरच्या कालव्यात नेणारी. दुरुस्तीसाठी ती बंद होती, पण बाहेरूनही पाहण्यासारखी. तिची कल्पना वीव्हर नदीच्या कामावर असलेल्या एडवर्ड लीडर विल्यम्स या अभियंत्याची. मँचेस्टरचा कालवा कसा करायचा हा प्रश्न आला तेव्हा याच विल्यम्सचा आराखडा निवडला गेला. म्हणजे ॲडमसनच्या नावाची बोट त्याच्या अभियंत्याच्या लिफ्टपाशी आम्हाला घेऊन आली होती.

जाणाऱ्यांसाठी: 'डॅनी'च्या फेऱ्या उन्हाळ्यात ठरावीक दिवशीच असतात आणि जागा लवकर भरतात. खाली इंजिनखोलीत जायचं असेल तर बोटीवर चढताच विचारा. जिना उभा आहे, गुडघे दुखत असतील तर वरूनच पाहा. पांढरे कपडे घालू नका, धुराडं डोक्यावरच आहे.

रविवार : द टॉवर्स आणि सदर्न सिमेट्री

डिड्सबरी हा मँचेस्टरचा दक्षिणेकडचा भाग. मोठी झाडं, लाल विटांची घरं, रविवारी सकाळी कॉफीच्या दुकानांबाहेर कुत्री बांधलेली. इथे 'द टॉवर्स' नावाचा वाडा आहे. 'मँचेस्टर गार्डियन'च्या मालकासाठी थॉमस वर्दिंगटन या वास्तुशिल्पकारानं तो १८६८ ते १८७२ या काळात बांधला. ॲडमसननं तो पुढे विकत घेतला. टोकदार मनोरे, लाल वीट, त्यावर भाजक्या मातीचं कोरीव काम. आता आवारात कार्यालयं आहेत. आम्ही बाहेरून आदबीनं पाहिलं.

इथवर येईतो ॲडमसन मोठा माणूस झाला होता. १८५१च्या सुमारास हाइडजवळ न्यूटन मूरला त्यानं बॉयलरचा कारखाना काढला. लोखंडाऐवजी बेसेमरच्या नव्या पद्धतीनं केलेल्या पोलादाचे बॉयलर करण्याचं धाडस फार लवकर केलं. १८६३च्या सुमारास यॉर्कशायरमध्ये पेनिस्टोनला फक्त बेसेमर पोलादावर चालणारा कारखाना उभा केला, मग लिंकनशायरमध्ये फ्रॉडिंगहॅमला लोखंडाच्या भट्ट्या. १८७२ साली डकिनफील्डला बॉयलरचा आणखी मोठा कारखाना. नुसता मालक म्हणून तो बसला नाही. मऊ पोलाद वेगवेगळ्या तापमानाला कसं वाकतं, कुठे दगा देतं, याच्या चाचण्या करून त्यानं त्या पोलादवाल्यांच्या संस्थेपुढे मांडल्या. या संस्थेचा तो अध्यक्ष झाला आणि १८८८ साली त्याला बेसेमर पदक मिळालं. बॉयलरवाल्याला पत्र्यावर भरवसा ठेवावा लागतो, आणि तो भरवसा त्यानं तपासून मिळवला.

२७ जून १८८२ रोजी याच वाड्यात त्यानं आसपासच्या गावांचे महापौर, कारखानदार आणि अभियंते यांना बोलावलं. लिव्हरपूलची गोदी आणि रेल्वे कंपन्या मिळून मालावर जे दर लावत, त्यानं मँचेस्टरचा कापूस-कापडाचा धंदा जेरीला आला होता. उपाय एकच: समुद्रातली जहाजं थेट मँचेस्टरला आणायची. लिव्हरपूल आणि रेल्वेवाले संसदेत इरेला पेटले. पहिला प्रयत्न लॉर्ड्समध्ये पडला, दुसरा कॉमन्समध्ये, तिसरा ६ ऑगस्ट १८८५ रोजी मंजूर झाला. पण अट अशी, की पन्नास लाख पौंड आधी उभे करा.

आणि इथेच मला हा माणूस सर्वांत जवळचा वाटला. त्याचं म्हणणं होतं, की हा लोकांचा कालवा आहे; दहा पौंडांचे शेअर कामगारांनी, छोट्या दुकानदारांनी घ्यावेत. सभांमागून सभा त्यानं घेतल्या. लोक आले, पैसेही आले, पण पुरेसे नाहीत. संचालकांना मोठ्या पेढ्यांकडे जायचं होतं. फेब्रुवारी १८८७मध्ये ॲडमसननं अध्यक्षपद सोडलं. त्याच वर्षी लंडनच्या मोठ्या पेढ्यांनी पैसा उभा करून दिला आणि ११ नोव्हेंबरला नव्या अध्यक्षानं, लॉर्ड एगर्टननं, पहिली कुदळ मारली. आमच्या भागात सभासदांच्या शेअरवर उभे राहिलेले सहकारी कारखाने मी पाहिले, त्यांत नोकरी केली. म्हणून ॲडमसन हट्टी होता, असं मी म्हणणार नाही. रक्कम अवाढव्य होती आणि मुदत आखूड, पण कल्पना खरी होती.

१३ जानेवारी १८९० रोजी तो याच वाड्यात वारला. कालवा तेव्हा अर्धवट होता.

पुढे १९२० साली या वाड्यात ब्रिटिश कापूस उद्योगाची संशोधन संस्था आली, शर्ली इन्स्टिट्यूट. कापसाच्या धाग्याचं पाणी न शिरणारं 'व्हेंटाइल' कापड दुसऱ्या महायुद्धात इथे तयार झालं. थंड समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी.

तिथून सदर्न सिमेट्रीला गेलो. ही दफनभूमी इतकी विस्तीर्ण आहे, की कार्यालयात विचारल्याशिवाय कुठलीच कबर सापडणार नाही, आणि रविवारी ते उघडं असेल असं धरू नका. आम्ही आधी फोन करून माहिती घेतली होती. नातीनं वाटेत बागेतली दोन फुलं घेतली होती, ती तिनं ठेवली. "आजोबा, यांनी तुमचा बॉयलर केला का?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, फुटू नये अशी सोय केली.

दुपारी सुनेनं घरी लँकेशायर हॉटपॉट केला, मटणाऐवजी मसूर आणि गाजर घालून, वर बटाट्याच्या चकत्या खरपूस भाजून. तो माझ्या ताटात दोनदा आला.

सोमवार : डकिनफील्ड आणि बार्टन

सकाळी हाइड आणि डकिनफील्ड. जॉन्सन ब्रुक या नावाचा रस्ता आजही आहे. तिथे आता घरं आणि लहान शेड. बॉयलरचा ठोकाठोकीचा आवाज नाही. ॲडमसनच्या पुतण्यानंही हाइडमध्ये स्वतंत्र कारखाना काढला होता, बॉयलर आणि क्रेनचा. बसथांब्यावर भेटलेल्या एका आजींचे वडील "ॲडमसनमध्ये" कामाला होते. कुठल्या ॲडमसनमध्ये, ते त्यांना सांगता येईना. मात्र एक गोष्ट पक्की आठवत होती: ते शिट्टीच्या आधी दहा मिनिटं घरातून निघायचे आणि त्यांच्या टोपीला कायम लोखंडाचा वास यायचा. या भागासाठी अर्धा दिवसही जास्तच होईल. पण हौशी माणसानं जावं.

दुपारी बार्टन. इथे मँचेस्टर शिप कॅनॉलवरून दुसरा कालवा जातो: जुना ब्रिजवॉटर कालवा, लोखंडी कुंडातून. खालून उंच डोलकाठीचं जहाज आलं की हे कुंड दोन्ही टोकांना दारं लावून, आतल्या पाण्यासकट फिरतं आणि वाट मोकळी करतं. पाण्यासह वजन सुमारे १,४५० टन. लीडर विल्यम्सचंच काम, १८९४ सालचं, आजही वापरात. मधल्या बेटावरच्या विटांच्या मनोऱ्यातून ते चालवतात. आम्ही होतो तेव्हा ते फिरलं नाही. पण खालच्या कालव्याची रुंदी पाहूनच छाती दडपते. ३६ मैलांचं हे खणकाम सहा वर्षं चाललं. काम भरात असताना सोळा हजारांच्या आसपास माणसं त्यावर होती. त्यात किती जण मेले आणि किती कायमचे जायबंदी झाले, त्यांची नावं अशा दगडी कठड्यांवर कुठेच नाहीत. ती असायला हवी होती.

जहाजं १ जानेवारी १८९४पासून सुरू झाली, मे महिन्यात राणी व्हिक्टोरियानं रीतसर उद्घाटन केलं. समुद्रापासून इतक्या आत असलेलं मँचेस्टर पुढे देशातल्या मोठ्या बंदरांपैकी एक झालं.

जवळच एकल्स आहे. तिथले मनुकांचे एकल्स केक घेतले आणि लँकेशायर चीजसोबत खाल्ले. गोड आणि खारट एकत्र, हिला फार आवडले, घरी नेण्यासाठी डबा भरून घेतला. परतताना ट्रॅफर्ड सेंटरहून ट्राम घेतली. ट्राममध्ये आमचा वाद रंगला. मुलाचं मत, ॲडमसनचं मोठं काम म्हणजे कालवा. हिचंही तेच. मी सांध्याच्या बाजूनं बोलत होतो. कालवा लंडनच्या पैशानं कुणीतरी पुरा केलाच. सांधा त्यानं स्वतः डोक्यात मांडला आणि तिशीत करून दाखवला. त्यानंतर लँकेशायरपासून लालबागपर्यंत भट्टीसमोर उभे राहणारे किती फायरमन संध्याकाळी धडपणे घरी गेले असतील. सून म्हणाली, पेनिस्टोन आणि स्कन्थॉर्प पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. फ्रॉडिंगहॅम आता स्कन्थॉर्पमध्येच येतं आणि पोलादाचा मोठा कारखाना तिथे आजही उभा आहे. पुढच्या उन्हाळ्यात ती दोन्ही गावं.